इंग्रजी न येणाऱ्या मुलाशेजारी बसून सगळं मराठीत सांगत राहू का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेत सप्टेंबरपासून टीए, म्हणजे वर्गशिक्षिकेची मदतनीस, म्हणून काम करताय. इयर ४ च्या वर्गात ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातून आलेला एक मुलगा दाखल झाला. मराठी माध्यमात शिकलेला. इंग्रजी अक्षरं ओळखतो, पण वर्गात तोंडातून शब्द काढत नाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘तुम्हाला त्याची भाषा येते, तुम्ही शेजारी बसून भाषांतर करा.’ तीन महिने तुम्ही तेच करताय आणि मुलगा आहे तिथंच आहे. आता त्याचं नाव एसईएनच्या, म्हणजे शिकण्यात खास मदत लागणाऱ्या मुलांच्या, यादीत घालायचं चाललंय. त्याच वर्गात पश्तो बोलणारी एक मुलगी आलीये, तिच्यासाठी तुमच्याकडे काहीच नाही. आणि शेवटी जाता जाता विचारलंय की तो शाळेत मला मावशी म्हणतो, ते चालेल का.

मी वीसेक वर्षं हेच काम करतेय, आधी टीए म्हणून, मग ईएएलची, म्हणजे घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांची, शिक्षिका म्हणून. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. वाक्यागणिक भाषांतर उद्यापासून बंद करा. मराठी मात्र बंद करू नका, तिची वेळ बदला.

माझ्या पहिल्या वर्षी मीही हेच करत होते. एक गुजराती मुलगी होती. माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत आणि हिंदीत मी तिला बाईंचं प्रत्येक वाक्य सांगायचे आणि मला वाटायचं, आपण केवढं काम करतोय. मग मला ताप आला, चार दिवस घरी होते. परत आल्यावर बाई म्हणाल्या, ती चारही दिवस पेन्सिल खाली ठेवून दाराकडे बघत बसली होती. त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई बोलत असताना ती माझ्या तोंडाकडे बघायची. इंग्रजी तिच्यासाठी पंख्याचा आवाज होता, कारण मागोमाग मी येणार हे तिला ठाऊक होतं. आयतं ताटात पडत असेल तर कान कोण टवकारणार? आणखी एक नुकसान मला फार उशिरा कळलं. मुलाच्या शेजारी मोठं माणूस सतत बसलं की वर्गातली बाकीची पोरं त्याच्याशी बोलायला जात नाहीत. भाषा शिकायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात ती तीच पोरं, आणि आपण मध्ये भिंतीसारखे बसलेलो असतो.

मग मराठी कधी वापरायची? मुख्यतः धड्याच्या आधी. इयर ४ च्या विज्ञानात पदार्थांच्या अवस्था आणि जलचक्र येतं, ते उदाहरण घेऊ. सकाळी हजेरीच्या वेळेतली दहा मिनिटं मागून घ्या आणि त्याला मराठीत विचारा, ‘ओला टॉवेल दोरीवर टाकला, संध्याकाळी वाळला. पाणी गेलं कुठं?’ तो काहीतरी सांगेल. उन्हानं प्यायलं म्हणेल, वर ढगात गेलं म्हणेल, कदाचित ‘बाष्पीभवन’ हा शब्दच तुमच्या तोंडावर फेकेल. झालं, धड्यातला विचार त्याच्याकडे आहे. आता त्या विचाराला चिकटवायला चार-पाच इंग्रजी शब्द द्या: लिक्विड, गॅस, हीट, इव्हॅपोरेट, कन्डेन्स. आणि एक अर्धं वाक्य: ‘द वॉटर इव्हॅपोरेटेड बिकॉज...’ शब्द चित्रासकट चिठ्ठीवर लिहून त्याच्या टेबलावर चिकटवा. मग धडा सुरू झाला की उठून दुसऱ्या टेबलापाशी जा. खरंच जा. त्याला बाईंच्या बोलण्यातून ते पाच शब्द टिपायचे आहेत, हे त्याचं काम. धडा संपल्यावर दोन मिनिटं पुन्हा मराठीत: काय कळलं, कुठं अडलास. एरवी वर्गात मराठी लागते ती पोट दुखलं, कुणी ढकललं, रडू येतंय अशा वेळी. तेव्हा मात्र एका सेकंदाचाही विचार न करता मराठीत बोला.

यामागे एकच तत्त्व आहे: कामाची भाषा सोपी करायची, काम सोपं करायचं नाही. शाळा बरोबर उलटं करतात. वर्ग जलचक्रावर बोलत असतो आणि नवीन मुलापुढे रंगवायला छत्रीचं चित्र ठेवलेलं असतं. त्याला पाऊस कसा पडतो हे तुमच्यामाझ्याइतकं ठाऊक आहे. आठ वर्षांच्या मुलाला आपला अपमान कळतो, फक्त कुठल्या भाषेत सांगावा ते कळत नाही.

बसायच्या जागेचंही तसंच. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैजेवर सांगते, त्याला वर्गातल्या सगळ्यात मागं पडलेल्या गटाच्या टेबलावर बसवलंय. तिथून त्याला हलवा. त्या टेबलावर काम सोपं असतं, पण ऐकायला मिळणारी भाषाही तुटक असते. त्याला स्वच्छ, पूर्ण वाक्यांत बोलणाऱ्या, जरा बडबड्या पण प्रेमळ मुलांशेजारी जागा हवी. जोडीदार म्हणून सगळ्यात हुशार मुलगी निवडायचा मोह होतो. ती दोन आठवड्यांत त्याची सगळी उत्तरं लिहून देऊ लागते. दोघं-तिघं आलटूनपालटून ठेवा.

आता गप्प बसण्याबद्दल. नवीन भाषेत पडलेली बरीच मुलं सुरुवातीला बोलत नाहीत. काही आठवडे, कधी कधी काही महिने. त्या काळात ती रिकामी नसतात, ऐकून साठवत असतात. ‘से थँक यू टु मिस’ म्हणून सगळ्यांसमोर उभं करून बोलायला लावू नका, त्यानं ती आणखी मिटतात. न बोलता उत्तर देता येईल अशी कामं द्या: चित्रं क्रमानं लावणं, ‘खरं’ किंवा ‘खोटं’ लिहिलेलं कार्ड उचलणं, नकाशावर बोट ठेवणं, शब्द आणि चित्र जुळवणं. यातून किती कळलंय ते तुम्हाला समजतं आणि त्याची अब्रूही राहते. सामूहिक बोलणं, म्हणजे कविता, गाणी, पाढे एका सुरात म्हणणं, हा पहिला आवाज फुटायला फार चांगला आडोसा. मात्र एक गोष्ट तपासा. तो मैदानावर बोलतो का? घरी आईशी मराठीत नेहमीसारखा बोलतो का? तुमच्याशी एकांतात बोलतो का? तिन्हीला ‘हो’ असेल तर धीर धरा. कित्येक महिने उलटले, ओळखीच्या भाषेतही शाळेच्या आवारात तोंड उघडत नाही, बोलायची वेळ आली की अंग ताठ होतं, असं असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. मग ‘नवीन आहे, बोलेल हळूहळू’ म्हणून सोडून देऊ नका, सेन्कोच्या, म्हणजे शाळेत एसईएनचं काम बघणाऱ्या शिक्षकांच्या, कानावर घाला.

यादीबद्दलही इथंच सांगते, कारण त्यावर कायदा स्पष्ट आहे. चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्ट २०१४ च्या कलम २० मध्ये लिहिलंय की घरची भाषा शिकवण्याच्या भाषेहून वेगळी आहे, केवळ एवढ्या कारणानं मुलाला शिकण्यात अडचण आहे असं मानता येणार नाही. सेन्कोला हे पाठ असतं, वर्गशिक्षकांना बहुधा नसतं. भांडायची गरज नाही. ‘त्याच्या मराठीत काही अडचण दिसते का ते मी बघून सांगू का?’ एवढंच विचारा. हा प्रश्न त्या शाळेत तुमच्याशिवाय कुणाला विचारताच येत नाही. आईशी बोला: बोलायला कधी लागला, मराठी वाचतो कसा, गोष्ट सांगताना क्रम चुकतो का, तिकडच्या शाळेतल्या बाई काय म्हणायच्या. मराठीतही वाचताना अक्षरांची अदलाबदल होत असेल, दोन सूचना लक्षात राहत नसतील, तर मदत लागेल आणि ती लवकर मिळायला हवी. दोन्ही बाजूंच्या चुका मी पाहिल्यात. एका मुलाला विनाकारण यादीत घातलं गेलं. दुसऱ्या एका मुलीला कमी ऐकू येत होतं आणि दीड वर्ष सगळे म्हणत राहिले, इंग्रजी येत नाही ना, म्हणून. ही दुसरी चूक मला जास्त सलते, कारण त्या ‘सगळ्यां’मध्ये मीही होते.

आता त्या मुलाला नेमकं काय येतं ते बघायला बसा. ही जागा तुमच्या हक्काची आहे, म्हणून इथं जरा रेंगाळते.

मराठीतला एक परिच्छेद त्याला वाचायला द्या आणि चार ओळी लिहायला सांगा. ज्याला एका लिपीत वाचता येतं त्याला वाचन म्हणजे काय हे कळलेलं असतं, दुसऱ्या लिपीत त्याला फक्त चिन्हं बदलायची असतात. मग त्याची इंग्रजी वही उघडा. अक्षरं ओळीवर उभी न राहता वरच्या रेघेला लोंबकळताना दिसली तर हसू नका आणि ‘हस्ताक्षर वाईट’ असा शेराही मारू देऊ नका. देवनागरी शिरोरेघेला टांगलेली असते, इंग्रजी खालच्या रेघेवर बसते. शिक्षिकेला हे एकदा दाखवलंत की तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

गणितात दोन सापळे आहेत. आपण ‘बेचाळीस’ म्हणतो तेव्हा दोन आधी आणि चाळीस नंतर. इंग्रजीत उलटं. ‘फॉर्टी टू’ ऐकून मनात मराठी करणारं मूल घाईत २४ लिहून बसतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’, ‘तीस दोन’ अशी संख्यानामं आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. त्यामागं अडचण हीच होती. दुसरा सापळा स्वल्पविरामाचा. आपण लाख १,००,००० असा लिहितो, इथं तो १००,००० असा लिहितात, आणि ‘लाख’ हा शब्दच नाही. मोठ्या संख्या वाचताना तो गडबडला तर त्याला स्थानिक किंमत येत नाही असं कुणी ठरवू नये.

उलट एक ठिकाण असं आहे जिथं तो वर्गाच्या पुढे जाऊ शकतो. इयर ४ ची गुणाकाराची चाचणी जूनमध्ये होते. संगणकावर २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, १२ गुणिले १२ पर्यंत. प्रश्न आकड्यांत असतात, इंग्रजी जवळपास लागतच नाही. पाढे पाठ असलेल्या मराठी मुलाला हे हातचं आहे. आपला प्रत्येक पाढा दहा पटींपर्यंतच जातो, त्यामुळे अकरा आणि बारा यांचे एकमेकांशी आणि स्वतःशी होणारे गुणाकार तेवढे त्याच्या पाढ्यांत नसतील. ते करून घ्या. मनात ‘सात आठे छप्पन’ म्हटलं तरी बोटानं ५६ च टाइप होतं. वर्गासमोर पहिल्यांदा डोकं वर काढायची संधी म्हणून मी या चाचणीकडे बघते, नाहीतर एरवी ती मला फारशी आवडत नाही.

बोलायला लागेल तेव्हा काही चुका सरळ मराठीतून येतील. ‘द’ आणि ‘अ’ गळतील, कारण आपल्याकडे ती भानगडच नाही. क्रियापद शेवटी जाईल, ‘आय बुक रीड’. वहीबद्दल बोलताना तो ‘शी इज इन माय बॅग’ म्हणेल, कारण वही ती असते. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्ही अक्षरांसाठी एकच ‘व’ येईल. ‘थिंक’मधला ‘थ’ आपल्या थंडीतला असेल. यातलं काहीही अडाणीपणाचं लक्षण नाही. दुसरीकडे ‘वेन्ट’ऐवजी ‘गो’ला ‘-एड’ लावून ‘आय गोड’ म्हणण्यासारख्या चुका मराठीमुळे होत नाहीत, इंग्रज पोरंही लहानपणी त्याच करतात. त्या नियम कळल्याच्या खुणा आहेत. चूक झाली की टोकू नका, बरोबर रूप आपल्या उत्तरात सहज पेरा. तो म्हणाला ‘वॉटर गो अप’, तर तुम्ही म्हणा, ‘येस, द वॉटर गोज अप. व्हेअर डझ इट गो?’ आणि मग थांबा. आपण उत्तरासाठी फार कमी थांबतो. मनात पाचपर्यंत मोजा.

दोन गोष्टी शिक्षकांना आवर्जून सांगा. मराठीत विनंती क्रियापदातच असते, ‘दे ना’, ‘देता का’ म्हटलं की काम भागतं. हेच मूल इंग्रजीत ‘गिव्ह मी पेन्सिल’ म्हणतं आणि उद्धट ठरतं. त्याला ‘कॅन आय हॅव... प्लीज’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात तयार करून द्या. आणि मान दोन्ही बाजूंना हलवून आपण जो ‘हो हो’ करतो तो इथल्या लोकांना ‘नाही’ वाटतो. यावरून झालेले गैरसमज लिहायला बसले तर हे उत्तर संपायचं नाही.

आता जरा पुढचं बघा. हा मुलगा वर्ष-दीड वर्षात मैदानावर फडाफडा बोलायला लागेल आणि सगळे म्हणतील, झालं, आलं त्याला इंग्रजी. खरी गोम तिथंच आहे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दोन प्रकारच्या भाषेतला फरक मांडला: रोजच्या बोलण्याची आणि शाळेतल्या अभ्यासाची. पहिली साधारण दोनेक वर्षांत येते, दुसरीत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात, कारण बरोबरीची मुलं थांबलेली नसतात, तीही पुढे पळत असतात. इकडे इंग्लंडच्या निधीच्या सूत्रात ईएएलसाठीचे पैसे मुलाच्या पहिल्या तीन वर्षांपुरतेच धरलेले असतात. हिशेब तुम्हीच करा.

शाळांमध्ये तुम्ही ए ते ई अशा पायऱ्या ऐकाल: ए म्हणजे अगदी नवीन, ई म्हणजे अस्खलित. २०१६ ते २०१८ या काळात शाळांना ही पायरी सरकारी गणनेत कळवावी लागायची. पुढे सक्ती गेली, पण अनेक शाळा अजून याच पायऱ्या वापरतात. ए वरचं मूल सगळ्यांना दिसतं. माझी झोप उडते ती सी वरच्या मुलांनी. छान बोलतात, वर्गात मिसळतात आणि इतिहासाच्या पुस्तकातला परिच्छेद वाचून शून्य कळतं. इयर १ च्या फोनिक्स (अक्षरांचे आवाज जुळवून वाचायच्या) चाचणीत ४० पैकी चाळीसही शब्द बिनचूक वाचणारी मुलं मी बघितलीत, त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो. ती चाचणी अर्थ विचारतच नाही. त्यातले २० शब्द तर मुद्दाम बनवलेले, निरर्थक असतात.

अडतात ते शब्द अवघड नसतात. ‘इव्हॅपोरेशन’ शिक्षक समजावून सांगतातच. अडतात ‘टेबल’, ‘डिफरन्स’, ‘ऑड’, ‘व्हॉल्यूम’, ‘मीन’ यांसारखे शब्द, कारण त्यांचा घरगुती अर्थ मुलाला येत असतो आणि तोच तो गणितात लावतो. ‘व्हॉट इज द डिफरन्स बिटवीन १२ अँड ७?’ या वजाबाकीच्या प्रश्नावर एका मुलीनं मला सांगितलं होतं, बाराला दोन आकडे आहेत आणि सातला एकच. चूक कुठे आहे सांगा. दुसरा गट ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘अनलेस’ असल्या वाक्यं जोडणाऱ्या शब्दांचा. कुणी शिकवत नाही, सगळे वापरतात. रोज असा एकच शब्द घ्या, मराठीतला ‘मात्र’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ शेजारी ठेवा, आणि दिवसभर तो कुठं कुठं सापडतो ते त्याला मोजायला सांगा.

वर्गात करायच्या गोष्टींतून मी तीनच सांगते, कारण या तीन नीट केल्या तरी भरपूर झालं. पहिली, वाक्याचा तक्ता. चार रकाने: कोण, काय झालं, कशामुळे, कधी. प्रत्येकात तीन-तीन शब्द. मूल एकेका रकान्यातून उचलून वाक्य बांधतं आणि ते हमखास बरोबर येतं. न येणाऱ्या भाषेत पहिल्यांदा बरोबर वाक्य बोलल्यावर मुलाचा जो आवाज असतो तो ऐकाच. दुसरी, पडद्यामागचा खेळ. दोन मुलांमध्ये उभी फाइल ठेवा, एकाकडे चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद. बोलल्याशिवाय चित्र पूर्ण होतच नाही, त्यामुळे बोलायला कारण मिळतं. ‘बोल’ असं म्हणावं लागत नाही. तिसरी, उताऱ्याची मोडतोड. धड्यातला परिच्छेद वाक्यावाक्यानं कापा आणि क्रमानं लावायला द्या, किंवा महत्त्वाचे शब्द गाळून द्या, किंवा परिच्छेदावरून तक्ता भरायला सांगा. मजकूर वयाला साजेसाच राहतो, फक्त त्याला धरायला मूठ मिळते. हे सगळं आधी तोंडी, जोडीदाराबरोबर, आणि मग वहीत. जे बोलता येत नाही ते लिहायला लावलं की मुलं फळ्यावरून उतरवून काढतात आणि सगळे म्हणतात, वा, वही किती छान.

कोणीतरी सुचवेल की त्याला रोज तासभर बाहेरच्या खोलीत नेऊन इंग्रजी शिकवा. आठवड्यातून दोनतीनदा वीस मिनिटं, ठरलेल्या कामासाठी, ठीक आहे. वर्गातल्या धड्याशी जोडलेलं असावं, आणि पीई (शारीरिक शिक्षण), चित्रकला, संगीत यांच्या तासाला मुळीच नको. तिथं तर तो भाषेशिवाय चमकतो. यामागे इतिहासही आहे. एकेकाळी इथं नवीन आलेल्या मुलांना वेगळ्या भाषाकेंद्रांत पाठवायचे. यॉर्कशरमधल्या कॅल्डरडेलमध्ये प्रामुख्यानं दक्षिण आशियाई मुलांबाबत चालणारी ही पद्धत अप्रत्यक्ष वांशिक भेदभाव ठरते, असा निष्कर्ष कमिशन फॉर रेशियल इक्वालिटी या वांशिक समतेसाठीच्या आयोगानं १९८६ मध्ये काढला. त्यानंतर मुलं सर्वांसोबत मुख्य वर्गात आली. तासन् तास बाहेरची खोली म्हणजे तेच भाषाकेंद्र, फक्त त्याच इमारतीत.

आईचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण कुणीतरी तिला ‘घरी इंग्रजी बोला’ असं सांगितलंच असेल. हे प्रेमानं सांगितलं जातं आणि फार महागात पडतं. आईनं न येणाऱ्या इंग्रजीत तीन शब्दांची वाक्यं बोलण्यापेक्षा मराठीत भरभरून बोलावं. का, कसं, नाहीतर काय झालं असतं, असं सगळं. विचार एका भाषेत घट्ट झाला की दुसऱ्या भाषेत त्याला फक्त नाव द्यायचं उरतं. बाष्पीभवन कळलेल्या मुलाला ‘इव्हॅपोरेशन’ एका दिवसात येतं, हे तुम्ही उद्या पाहालच. शाळांतल्या भाषाशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या इथल्या बुलक समितीनं तर १९७५ सालीच म्हटलं होतं की शाळेचा उंबरा ओलांडताना मुलानं घरची भाषा बाहेर काढून ठेवावी अशी अपेक्षा करू नये. आईला दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याचे विषय मराठीत सांगा: रोमन लोक, आवाज, अपूर्णांक. जेवताना त्यावर मराठीत गप्पा मारल्या तरी तुमचं निम्मं काम घरीच होतं. आणि मराठी वाचन सुरू ठेवायला सांगा. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दूची जीसीएसई (आपल्या दहावीसारखी) परीक्षा इथं देता येते, मराठीची नाही. त्यामुळे शाळेकडून मराठीला कसलाही टेकू मिळणार नाही.

एक सावधगिरी. पालकांना ‘उद्या सहल आहे, डबा द्या’ हे सांगणं वेगळं आणि मुलाच्या सुरक्षिततेबद्दलची किंवा एसईएनची बैठक वेगळी. दुसऱ्या प्रकारात शाळेनं प्रशिक्षित दुभाषी बोलवायला हवा. तुम्ही त्याच समाजातल्या आहात, उद्या गणपतीला तीच आई तुम्हाला भेटणार आहे. नाही म्हणायला शिका. आणि मुलाला स्वतःच्या आईचा दुभाषी तर कधीच करू नका.

पश्तो बोलणाऱ्या मुलीचं काय? वर लिहिलेल्यातलं बहुतेक सगळं तिलाही लागू आहे, फक्त धड्याआधीच्या गप्पा मारायला भाषा नाही. तिथं चित्रं, खऱ्या वस्तू, हावभाव, छोटे व्हिडिओ यांवर भर द्या. भाषांतराचं ॲप एकेका शब्दासाठी, छोट्या वाक्यासाठी चालतं, लांब सूचना त्यात घालू नका. ती आधी शाळेत गेली आहे का, हे सगळ्यात आधी शोधा. गेली असेल तर उजवीकडून डावीकडे वाचायची, पुस्तक उजवीकडून उघडायची सवय असेल, त्याला थोडा वेळ द्या. कधीच गेली नसेल तर पेन्सिल धरणं, रांगेत थांबणं, घंटा म्हणजे काय, इथपासून सुरुवात आहे, आणि ती भाषेची अडचण नव्हेच. या मुलीला तुमची त्या मुलापेक्षा जास्त गरज आहे, असा माझा अंदाज आहे. त्याचं भाषांतर सोडलंत की तुमच्याकडे तिच्यासाठी वेळ निघेल. वर्गशिक्षिकेला हे असंच सांगा, ‘मी त्याला सोडतेय’ असं नाही.

वर्गशिक्षिकेशी बोलायला जाताना एकच मागणी घेऊन जा: पुढच्या आठवड्याचं नियोजन शुक्रवारी दुपारपर्यंत हातात हवं. धडा सुरू झाल्यावर विषय कळणाऱ्या टीएला भाषांतराशिवाय दुसरं काही करताच येत नाही, हे तिच्या लक्षात आलेलं नसतं. पहिले दोन आठवडे ती विसरेल. तुम्ही दाराशी उभ्या राहा.

राहता राहिलं मावशीचं. वर्गात सगळे तुम्हाला ‘मिस’ म्हणतात, त्यालाही तेच म्हणू दे, नाहीतर बाकीची पोरं त्याला चिडवतील किंवा त्याहून वाईट म्हणजे तुम्हाला फक्त त्याची समजतील. मैदानावर, डबा खाताना, गुडघा फुटल्यावर मावशी म्हणाला तर ओ द्या. माझ्या एका वर्गात शेवटी तीसच्या तीस पोरं मला मावशी म्हणायला लागली होती, आणि त्यातली निम्मी ‘मॉशी’ म्हणायची. आमच्या त्या मुलानं, जो तोवर वर्गात पाच वाक्यंही बोलला नव्हता, फळ्यापाशी जाऊन सगळ्यांना ‘व’ कसा म्हणायचा ते शिकवलं.